प्रार्थनेचा विषय

हे वरच्या कोऱ्या जागेत पोस्टात बसून लिहितेय, कारण इथल्या माणसाला पाकिटावरचा माझा 'श' वाचता येत नाही. ही थेफाली कोण, असं चारचौघांत विचारलं मेल्यानं. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हे असंच असायचं. तू फोन उचलला असतास, तर ही वेळ आली नसती.

प्रिय शेफाली,

सलाम. नाशिकला तुझी नोकरी बरी चाललीय, हे तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. आम्हाला विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. इकडं वारज्यात आपल्यासमोर अकरा मजली इमारत झाली. तिथल्या माणसांना वर जायला लिफ्ट लागते, बातमीला लागत नाही.

तुझी बातमी वर्षभर चघळून झाली, तरी चव गेलेली नाही. तुझं नि रविराजचं लग्न पाळकसाहेबांनी चर्चमध्ये रिवाजाप्रमाणे तिसऱ्या रविवारी तिसऱ्यांदा जाहीर केलं, कोणाची हरकत आहे का म्हणून विचारलं, आणि त्याची आत्या उभी राहिली. मुलीचं आधी एक लग्न झालंय म्हणाली. कॉलेजातलं ते दोन महिन्यांचं लग्न, कोर्टात रीतसर मोडलेलं. तू ते फक्त आईला आणि मला सांगितलं होतंस, रविराजला त्याच संध्याकाळी सांगणार होतीस. लग्न मोडलं, आणि तुला वाटलं, आईच बोलली. आजी काही फुटायची नाही, अशी माझी ख्याती.

पुढच्या रविवारी तू नव्हतीस, पण नाताळलाही न फिरकणारे उपासनेला हजर. उपदेश कशावर झाला, ते एकाला सांगता आलं नसतं. आदल्या रविवारी तू कुठल्या रंगाची साडी नेसली होतीस, ते मात्र सगळ्यांना पाठ.

यंदाच्या उत्तम शुक्रवारी, वधस्तंभावर येशू बोलला त्या सात शब्दांतला पहिला, 'हे बापा, त्यांना क्षमा कर' हा, पाळकसाहेबांनी तुझ्या आईला बोलायला दिला. आमच्या बुधवारच्या प्रार्थनेतल्या यमुनाबाईनं चष्मा पुसून घातला. समोर भिंतीवर एवढा मोठा वधस्तंभ, आणि माना सगळ्या तुझ्या आईकडं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, त्या टेकडीवर जमलेली माणसं आपल्यासारखीच असणार. कोण मरतोय, कशासाठी मरतोय, कोणाला पडलंय? टांगलेलं उघडं माणूस बघायला मिळालं, बास. मी मेली इतकी वर्षं स्वतःला तिथल्या रडणाऱ्या बायकांत धरत आले.

तुझी आई एवढंच म्हणाली, की त्यानं क्षमा मागताना कोणाचं नाव घेतलं नाही. आणि येऊन माझ्याशेजारी बसली. माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या मांडीवरून गीतांचं पुस्तक घसरलं होतं, ते उचलून तिनं परत माझ्या हातात दिलं.

तर ऐक. तोंड माझं होतं. त्या तिसऱ्या रविवारच्या आधीचा बुधवार. बायकांच्या संगतीत प्रत्येकीनं प्रार्थनेचा विषय द्यायचा असतो. कोणाचे गुडघे, कोणाच्या जावयाची बदली. माझ्याकडं त्यांच्यापेक्षा मोठा विषय होता, मग राहवतंय कशाला? आमच्या शेफालीचा पहिला संसार मोडला, दुसरा तरी टिकू दे, असं मी डोळे मिटून सांगितलं. उघडले, तर यमुनाबाईचे आधीच उघडे होते. रविराजच्या आत्याशी तिचं जाणंयेणं आहे, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. आणि तुझ्या आईला हे सगळं पहिल्यापासून माहीत. वर्षभर माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन ती मला गरम भाकरी वाढत राहिली, आणि तू तिच्याशी अबोला धरून बसलीस. काल बुधवारी मी सगळ्या बायकांपुढं, डोळे उघडे ठेवून, हे सांगून टाकलं. कोणीच आमेन म्हणालं नाही. घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली. लाज वाटतेय, पण हलकंही वाटतंय, खोटं कशाला बोलू? मला क्षमा करायची की नाही, ते तुझं तू बघ.

तुझीच तोंडाळ आजी,
सोजरबाई

ता. क. उत्तर मला लिहायचं नाही, आईला लिहायचं. आणि पाकिटावर तिचंच नाव घाल. माझं दिसलं, तर मी फोडीन.