आबांचं फिरणं

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आबांबद्दल बोलायला तुझ्याइतकं हक्काचं माणूस मला दुसरं मिळालेलं नाही. ते आता माझ्याकडे संगमनेरात असतात, तिसऱ्या मजल्यावर. प्रवरेकाठच्या आपल्या उसात बिबट्याची मादी व्याली, तिनं शेजाऱ्यांचं कुत्रं ओट्यावरून उचललं, आणि आबा मात्र अंधारातच बाहेर पडायचे. म्हणून आणलं.

मी बिबट्यांच्याच कामावर आहे. जनावराच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधायचा आणि ते कुठं कुठं फिरतं ते नकाशावर पाहायचं. एकाला चार शेतं पुरतात, दुसऱ्याला अख्खा डोंगर पुरत नाही, असं का, हे लोक विचारतात. मी सांगतो, जनावर मोठं तसं पोट मोठं. मुंगसाला बांधही पुरतो. उसात कुत्री, डुकरं, पाणी, आडोसा सगळं हाताशी असतं, मग बिबट्या लांब कशाला जाईल? डोंगरात भक्ष्य विरळ, तिथं पोटासाठी वणवण करावी लागते. पिल्लं लहान असली की मादी जवळच घुटमळते. नराचा मुलूख मोठा, कारण त्याला दोन-तीन माद्यांच्या हद्दी सांभाळायच्या असतात. हे शेवटचं ऐकून तू पदरात तोंड लपवून हसली असतीस.

आबांच्या पायाला तर भिंगरीच होती. गावात कुणाला गाय घ्यायची असली की पारख करायला आबा; आज लोणीचा बाजार, उद्या घोडेगावचा. तू चुलीपुढं. एकदा मी विचारलं, तू का गं जात नाहीस? भाकरी थापणारा तुझा हात थांबतो. "मी गेले तर दावनीला पानी कोन दावील? तुझा बा?" मग तव्याकडे बघत म्हणतेस, "मला बी आवडंल की. लई आवडंल." माझ्या नकाशावर मादीची हद्द लहान दिसते. तिला लांब जावंसं वाटतं का, हे पट्टा सांगत नाही.

इथं दूध, भाजी, गोळ्या सगळं दारात येतं. माझ्या हिशेबानं आबांना दोन खोल्या पुरायला हव्यात. पण ते अर्धी भाकरी टाकून उठतात. दोनदा पुणे रस्त्यानं चालत आपल्या शेतावरच्या वस्तीकडे निघाले. दुसऱ्या वेळी एका टेम्पोवाल्यानं दंड धरून त्यांना ट्रकपुढून ओढलं. मी चिडलो. "आबा, इथं काय कमी आहे तुम्हाला?"

"कमी काय बी न्हाई रं," ते म्हणाले. "पर हितं मी नसलो तरी कुनाचं अडत न्हाई."

लांब नेऊन सोडलेला बिबट्याही माघारी निघतो, आणि हमरस्त्यावर गाडीखाली आलेले मी उचललेत. आबांना वस्तीवर ठेवावं तर ती मादी, इथं ठेवावं तर हा रस्ता. मला फार भीती वाटते, आई.

हे पत्र तुझ्या फोटोपुढं ठेवणार होतो. पण फोटो आबांच्या खोलीत आहे, आणि त्यांना अजून चष्म्याशिवाय वाचता येतं. तेव्हा ते माझ्याकडेच राहील. आज सकाळी कामावर निघताना मी दाराला बाहेरून कुलूप घातलं. जिना उतरेपर्यंत आतून दार ओढल्याचा आवाज येत होता, आणि मी मागे फिरलो नाही.