वाचून दाखवले, समजावून सांगितले

बाई,

तुम्ही सातवीत मला सांभाळायला दिलेला शब्द अजून माझ्याकडे आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षे झाली, तरी जे झाले ते सांगायला दुसरे कोणी सुचत नाही. येत्या मंगळवारी श्रीवर्धनला तहसीलदारांपुढे आमच्या वाडीच्या वाटेची सुनावणी आहे. वाडीतून समुद्रावर उतरणारी ती दगडी पाखाडी, दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा असलेली, तुम्ही एकदा तिच्यावरून आमच्या घरी आला होतात. ती आता बंद झाली आहे. तिच्या तोंडावर लोखंडी फाटक लागले आहे. वाट परत मिळावी म्हणून त्या दिवशी लेखी अर्ज द्यायचा आहे आणि तो मी लिहायचा, असे वाडीने ठरवले आहे. त्यात काय लिहायचे तेही वाडीनेच ठरवले आहे. ते खोटे आहे, आणि खोटे आहे हे फक्त मलाच माहीत आहे, असे कालपर्यंत मला वाटत होते.

त्या वर्षी जूनमध्ये तुम्ही खडूचे रिकामे खोके घेऊन वर्गात आलात. आगरदांड्याहून लाँचने दिघीला आणि तिथून एसटीने तुम्ही रोज यायचात, त्यामुळे तुमच्या साडीचा काठ पावसाळाभर ओलाच असे. खोक्यात चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकाने एक उचलायची आणि निघेल तो इंग्रजी शब्द वर्षभर सांभाळायचा. तो कुठे दिसला, कोणाच्या तोंडून आला, दुसऱ्या कोणत्या शब्दाला चिकटून आला, तिथे त्याचा अर्थ काय झाला, सगळे वहीत लिहून शनिवारी सकाळच्या शाळेत वाचून दाखवायचे. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीला लाईट मिळाला. ती लाईट बिलापासून लाईटहाऊसपर्यंत आणि लाईट गुलाबी ब्लाऊजपासून आजारी माणसाच्या लाईट जेवणापर्यंत कुठेही पोचायची. माझ्या चुलतभावाला रन मिळाला, तो खूष. मला ओव्हर. मी चिठ्ठी बदलून मागितली. हा शब्द एवढासा आहे, एकटा उभासुद्धा राहत नाही, असे मी म्हणालो. तुम्ही माझ्याकडे बघितलेही नाहीत. "एकट्याने कोण उभे राहते? बस खाली."

मग मी लाँचवर उभा आहे आणि खलाशी ओरडतो आहे की ओव्हरलोड झाली, चार जण उतरा. मी वही काढतो. एसटीच्या मागे ओव्हरटेक, ग्रामपंचायतीच्या टाकीला ओव्हरहेड, टाकी भरली की ओव्हरफ्लो, बंदरावर कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याचा ओव्हरटाईम, बोर्लीच्या ब्यूटी पार्लरच्या पाटीवर मेकओव्हर. आई चुलतभावाला म्हणते, ओव्हरॲक्टिंग नको करू, आणि मी आईलाच विचारतो की हे तू कुठे ऐकलेस, मला लिहायचे आहे. हँगओव्हर मी वर्गात वाचला तेव्हा मुले हसली. कोणाच्या तोंडून ऐकलास, असे तुम्ही विचारलेत. मी म्हटले, काकांच्या. तुम्ही मान हलवलीत, "म्हणजे अस्सल आहे," आणि बरोबरची खूण केलीत.

त्याच वर्षी तुम्ही मला एकदाच रागावलात. इतरांपेक्षा माझी वही मोठी व्हावी म्हणून मी ग्रंथालयातल्या डिक्शनरीतून बावीस शब्द उतरवून आणले होते, अक्षर न अक्षर बरोबर. तुम्ही पान बघितलेत आणि विचारलेत, यातला एक तरी तुला रस्त्यात भेटला का. तुम्ही बावीसच्या बावीस शब्दांवर लाल रेघ मारलीत आणि सगळ्या वर्गाला सांगितलेत की पहिलाच अर्थ हातात धरून पळत सुटू नका, मागे आणखी कोण उभे आहे ते बघा. रेघेचे मला वाईट वाटले. ते वाक्य मात्र मी मनात इतके घट्ट धरले की आता वाटते, त्यापेक्षा तुम्ही एखादी छडी मारली असतीत तर बरे झाले असते.

नववीनंतर बाबा होडीवर घसरून कंबरेतून अधू झाले आणि माझी शाळा सुटली. तुम्ही घरी आलात तो दिवस अजून पुसट झालेला नाही. आई चुलीवर बोंबील भाजत होती, घरभर धूर होता, आणि तुम्ही डोळे पुसत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसलात. आई लाजून सारखी म्हणत होती, बाई, बाहेर बसा. तुम्ही तिथेच चहा प्यायलात आणि पिशवीतून तुमची खिशात मावणारी डिक्शनरी काढून माझ्या हातात दिलीत. कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर होते तिला. परीक्षेला बाहेरून बस, असे सांगितलेत. मी हो म्हणालो आणि बसलो नाही. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. मला ते लाँचवरच्या तिकीटवाल्याकडून कळले, महिन्याने.

आता मी बोर्लीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसतो. माझ्याकडून गेलेल्या फॉर्मात नावाच्या स्पेलिंगची चूक निघत नाही, याची मला खात्री असते, तरी फॉर्म गेल्यावर मी पावती तीनदा वाचतो. वाडीत कोणाकडेही इंग्रजी कागद आला, की तो माझ्याकडे येतो. काका मला 'आमचा नववी पास साहेब' म्हणतात. चिडवतात, पण त्यांचा कागद घेऊनही माझ्याकडेच येतात.

जानेवारीत बागा विकत घेतलेल्या हॉटेलवाल्यांचा माणूस समाजमंदिरात आला. माझ्याच वयाचा, इंजिनियर, नीट बोलत होता, सगळ्यांना काका-मावशी म्हणत होता. दोन पानी इंग्रजी कागद होता, ना-हरकतीचा. काकांनी मला पुढे बसवले. मी एकेक ओळ वाचत होतो आणि मराठीत सांगत होतो. पहिल्या पानावर दिवे, गटार, मुलांना नोकऱ्या. बायकांचा जीव बाहेर होता, होड्या लागायची वेळ झाली होती. दुसऱ्या पानाच्या मधोमध एक वाक्य आले. वाडीने ही वाट मालकांकडे हँडओव्हर करावी आणि यापुढे डांबरी रस्त्याने ये-जा करावी.

बाई, हँडओव्हर माझ्या वहीत तिसऱ्या पानावर आहे. एसटीच्या कंडक्टरने दुसऱ्या कंडक्टरला तिकिटांची पेटी दिली, तेव्हा भेटलेला. कळपात आपली शेळी ओळखावी तसा मी तो ओळखला. वाक्यही सरळ होते, सातवीच्या मुलाला कळावे असे. मी थांबलो. मनात आले, हा कायद्याचा कागद आहे, इथे त्याच्यामागे आणखी काही अर्थ उभा असेल, मी नववी शिकलेला, हा माणूस इंजिनियर. उगाच काही बोललो आणि चूक निघाली तर सगळ्यांसमोर हसे होईल. घरी जाऊन डिक्शनरीत बघावे आणि मग सांगावे. तो माणूस हळूच म्हणाला, "पुढे नेहमीचंच आहे भाऊ, फॉर्मॅलिटी." काका म्हणाले, "आटप लवकर, होडी लागंल." मी सांगितले की पुढे वाटेबद्दल आहे, नेहमीचे. एवढेच सांगितले.

कागदाच्या तळाला माझ्यासाठी वेगळी ओळ होती. वाचून दाखवले, समजावून सांगितले, असे इंग्रजीत लिहून खाली माझे नाव आणि सहीची जागा. त्यात रीड ओव्हर असा शब्द होता, आणि तो मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. हे लिहिताना लाज वाटते, पण मला आनंद झाला. वहीत हा नाही, आज घालायचा, असे मनात म्हणत मी पहिली सही केली. माझ्यामागून एकतीस सह्या आणि अंगठे झाले.

घरी गेल्यावर मी डिक्शनरी उघडली. जे अर्थ होते ते सगळे एकाच दिशेला जात होते. मागे दुसरे कोणी उभे नव्हते. त्याच संध्याकाळी काकांकडे जायला हवे होते. मी ठरवले, उद्या जाऊ. उद्या दुकानात गर्दी होती. मग वाटले, सांगून आता काय होणार, कदाचित ते लोक वाट बंद करणारही नाहीत. रोज कामावर जाताना पाखाडीकडे नजर टाकायचो, ती उघडी दिसली की तो दिवस गेला. असे आठ महिने गेले. फाटक बसले त्या दिवशी मी दुकानात कोणाच्या तरी रेशनकार्डावर नाव चढवत होतो.

बायका वाळूवर मासळी वाळत घालतात. आता त्यांना डांबरी रस्त्याने वळसा घालून जावे लागते, डोक्यावर पाटी घेऊन अर्धा तास जास्त. गुरुवारी समाजमंदिरात सगळे जमले. हॉटेलच्या माणसाने कागदाची झेरॉक्स पाठवली होती आणि मी ते वाक्य पुन्हा वाचून दाखवले, या वेळी पूर्ण. मग माझी आत्या उठली. बाबांची मोठी बहीण, आमच्याच घरात राहते, साठ वर्षे त्या वाटेने गेलेली. "आमच्या पोरानं वाचलं तवा असलं काय नव्हतंच. आमचा पोरगा खोटं वाचंल व्हय? त्यांनीच पान बदललं." काका म्हणाले, बरोबर, पान बदलले, तसेच लिहायचे. सगळ्यांना एकदम हायसे वाटले, ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. माझ्या पाठीवर कोणीतरी थाप मारली. खरे सांगितले तर वाट जाते, कारण मी वाचून दाखवल्याचे माझ्याच सहीने तिथे लिहिले आहे. खोटे लिहिले तर एकतीस माणसे तहसीलदारांपुढे शपथेवर सांगतील की पान बदलले, आणि ती मला वाचवायला खोटे बोलत आहेत हे त्यांना माहीतसुद्धा नसेल.

काल सकाळी मी आत्याबरोबर डांबरी रस्त्याने चालत गेलो. ती पुढे, मी मागे. पुलाच्या आसपास मी तिला सांगितले की ते वाक्य तेव्हाही होते.

ती थांबली नाही. "ठाव हाय मला," म्हणाली. "तू वाचता वाचता थांबलास. तुझं तोंड बघितलं मी. वाटलं, आता सांगंल. मंग तू सही केलीस, म्हनून मी अंगठा दिला."

मग गुरुवारी तसे का बोललीस, असे मी विचारले.

"मंग काय बोलू? सगळी तुझ्याकडं बघत होती." थोडे अंतर चालून गेल्यावर तिने विचारले, "मंगळवारी काय लिवनार?"

मी म्हटले, पाटी माझ्याकडे दे. तिने दिली नाही.

आज रविवार, दुकान बंद आहे, आणि मी आत बसून लिहितो आहे. संध्याकाळी सगळे अर्ज ऐकायला येणार आहेत. बाई, तुम्हाला सगळे सांगावे असे फार वाटत होते, हे खरे आहे. पण त्याहून खरे असे, की मी अर्ज लिहायला बसलो होतो. त्यासाठी चार कोरे ताव काढले होते. तीन यात गेले. एक उरला आहे, आणि त्यावर अजून तारीखसुद्धा टाकलेली नाही.