दानिलोच्या खांद्यावरची थाप

सास्काटून, ३ फेब्रुवारी १९८६

ति. ओरेस्टमामांस,
लारिसाचा सा. न.

शनिवारी जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.
१. नाताळपासून आइस हॉकीत दानिलोचा एकही गोल झालेला नाही.
२. म्हणून कोच या नात्याने तुम्ही त्याला खेळाडूंच्या दुसऱ्या फळीतून चौथ्या फळीत टाकलंत.
३. शनिवारी त्याला फक्त चार खेपा बर्फावर सोडलंत.
४. चौथ्या खेपेला त्याच्याकडून चकती सुटली, आपल्यावर गोल झाला. उरलेला सामना त्याने बाकावर काढला.

तो माझा धाकटा भाऊ आहे, हे बाजूला ठेवून लिहिते आहे. खाणीत मी दिवसभर मोजमापाची यंत्रं तपासते. त्या सवयीने गॅलरीतही स्टॉपवॉच हातात होतं. बाकीची मुलं पाऊण मिनिटात दमून परत येतात आणि ताजी फळी आत जाते. दानिलो त्याच्या दुप्पट वेळ आत राहतो. खेपेच्या पहिल्या अर्ध्यात तो पूर्वीइतकाच चांगला खेळतो. सगळ्या चुका नंतरच्या आहेत. बाकावरून मुलं त्याला हात करतात, तो बघत नाही. मी कारण विचारलं. तो म्हणाला की एकदा बसलो की मामा परत सोडेल याचा काय भरवसा, मग बाहेर यायचंच कशाला?

तुम्ही वेळ कापता म्हणून तो ताणतो, ताणतो म्हणून चुकतो, आणि चुकतो म्हणून तुम्ही आणखी कापता.

आणखी एक. आत सोडताना तुम्ही प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारता. दानिलोचं मात्र नुसतं नाव ओरडता. तो खांदा पुढे करून बसलेला असतो.

त्याला जुन्या फळीत घ्या. त्याच्या खेपा ठरलेल्या आहेत, चुकला तरी कमी होणार नाहीत, असं आधीच सांगा. बदल्यात त्याने वेळेवर बाहेर यायचं. या शनिवारीही बसवलंत तर तो जर्सी परत करून अल्बर्टात तेलविहिरींवर जाणार आहे. आईला तसं सांगून झालंय. हे पत्र त्याला ठाऊक नाही.

राग आला तरी लोभ ठेवावा.
लारिसा

ड्रोबिन, ६ फेब्रुवारी

चि. लारिसास,
मामाचे अ. आ.

खाणीतली यंत्रं हल्ली बिघडत नाहीत वाटतं, म्हणून मामाला दुरुस्तीला घेतलंस!

बाई, बाक म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. पेट्रो न्हावी वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून विचारतो की भाच्याला अजून किती दिवस मिरवणार? तुझी मामी पायरोहीच्या करंज्या वळता वळता म्हणते की हा माणूस गावच्या पोरांना खेळवतो आणि घरच्याला बाक राखायला बसवतो. दोघांच्या मधे मी. पण खरं सांगू? दुसऱ्याचा मुलगा असता तर मी इतक्या लवकर हात आखडला नसता.

एक सामना देतो. हरलो तर आपला मोसम संपला, आणि मग पेट्रोच्या खुर्चीत तू बसायचंस.

मामीचे आशीर्वाद. मोजे घालत जा.
ओरेस्टमामा

ड्रोबिन, ९ फेब्रुवारी

चि. लारिसास,
अ. आ. आणि वर एक पापा.

जिंकलो! हिमवादळाने रस्ता बंद झाला आणि तू मुकलीस.

दानिलो पहिल्या खेपेला आपण होऊन वेळेवर आला. सगळं बाक त्याच्याकडे बघत राहिलं. मग दुसऱ्या डावात चकती घालवलीन आणि आपल्यावर गोल! सगळं रिंक ओरडत होतं की बसवा त्याला. सगळ्यात मोठा आवाज पेट्रोचा. दुसरं नाव माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्याची खेप आली. तो मान खाली घालून बसला होता. मी खांद्यावर थाप मारली. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि कठड्यावरून उडीच मारलीन.

बरोबरी झाली. जादा वेळेत समोरचे दमले होते, याचे पाय ताजे. दोघांना मागे टाकून गेला आणि चकती जाळ्यात! मी बुटांनिशी बर्फावर धावलो आणि सगळ्यांदेखत बसकण मारली. उचलायला पेट्रो. म्हणे, हा पोरगा चमकणार हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

बावीस तारखेला अंतिम सामना. खेपांवर लक्ष ठेवायला तू माझ्या शेजारी उभी राहावीस, असं क्लबनेही ठरवलंय. मार्कियानला त्या दिवशी बसवतो आहे. खाटकाचा मुलगा गं. महिनाभर त्याची काठी चालत नाही.

मामी पायरोही राखून ठेवते आहे. तू आलीस तरच मला मिळतील.
ओरेस्टमामा

सास्काटून, १३ फेब्रुवारी

ति. मामांस,
सा. न.

पत्र जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं. टेबलावरच्या लोकांनी विचारलं की काय झालं, एकटीच का हसते आहेस. मोजमाप बरोबर निघालं, एवढंच सांगितलं.

मी येईन. अट एकच. मार्कियानला बसवू नका. दानिलोला दिलंत तेच त्यालाही द्या: ठरलेल्या खेपा आणि खांद्यावर थाप. त्याच्यासाठी पत्र लिहायला कोचची भाची नाही.

मामींना नमस्कार. पायरोहीत तुमचा वाटा धरायला सांगा.

सुट्टीचा अर्ज द्यायचा आहे. बुधवार, १९ तारखेपर्यंत उत्तर पाठवा.

लारिसा