ओझ्याखालचं पाऊल

नंदुरबार, माघ वद्य पंचमी, शके १८५२

पुढच्या महिन्यात मोजणीसाठी तोरणमाळ चढायचाय, म्हणून बुटांचं माप द्यायला मोच्याकडे गेलो. मला बसवून त्याने कागदावर पावलाभोवती रेघ ओढली. मग म्हणाला, "बसेल पाय खोटं बोलस, भाऊसाहेब. उभा व्हा, वझं ल्या." शेजारच्या दुकानातलं मिरचीचं पोतं पाठीवर घेऊन उभा राहिलो. दुसरी रेघ पहिलीच्या करंगळीभर बाहेर! हे माझंच पाऊल? अजून त्या दोन रेघा डोळ्यांपुढून हलत नाहीत. गेल्या खेपेला सुरतेच्या तयार बुटांत अंगठ्याचं नख काळं पडलं, तेव्हा मी पायालाच नाजूक म्हणून शिव्या घातल्या. चाळीस वर्षं त्याच्यावर उभा आहे. नीट पाहिलं ते मात्र आज त्या मोच्याने.