लहान हात

३ मार्च
रानटी म्हणे! आज बारमध्ये ओनोरातो सायडर ओतता ओतता म्हणाला, "एउतिमिओ, तुझ्या निअँडरथलांना नाक पुसता येत नव्हतं, ते कसली चित्रं काढतात?" सगळे हसले. हसा! त्या चित्रांच्या गुहेचं दार एकतीस वर्षं मी उघडलं, मी लावलं. भिंतीवर हात ठेवायचा, भोवती तोंडाने लाल माती फुंकायची, हात काढून घ्यायचा — हे करणाऱ्याला आपण कोण हे कळत होतं. मी चार इयत्ता शिकलेला, पण एवढं मलाही कळतं.

५ मार्च
प्रयोगशाळेतून डॉक्टर आइनोआबाई आल्या. भिंतीवरच्या मोठ्या हातावर धरलेली चुन्याची पापडी खरवडून नेली. पापडी रंगाच्या वर, म्हणजे रंग तिच्याहून जुना. आपल्यासारखी माणसं इथे येऊन पंचेचाळीस हजार वर्षंही झाली नाहीत. आकडा त्याच्या पलीकडे गेला की हात निअँडरथलांचाच! झोप नाही.

२१ एप्रिल
सत्तर हजार! बाईंचा फोन आला. बारमध्ये जाऊन टेबलावर मूठ आपटली. ओनोरातोच्या नाकासमोर!

२२ एप्रिल
बाईंनी फोनवर सहज विचारलं होतं, "भिंतीवरून कधी पाणी वाहायचं का हो? पाण्याने पापडीतलं काही धुऊन गेलं, तर वय उगाच जास्त दिसतं." मी म्हणालो, "छे! ठणठणीत कोरडी."
वाहत नव्हतंच. मी लावत होतो! पाहुणे आले की ओला स्पंज फिरवायचा — लाल रंग असा उजळायचा! माझ्या आधीचा राखणदारही हेच करायचा. त्यात वाईट काही आहे हे कोणी सांगितलंच नाही.

२३ एप्रिल
नाही सांगितलं तर कोणाला कळणार? कोणालाच नाही.

२६ एप्रिल
सांगितलं. रानटी त्यांना म्हणायचं आणि खोटं मी बोलायचं? त्यांना माझ्या थापेचा आधार नको!
बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आजोबा, तो आकडा आता गेला. तुमचा स्पंज कधीच लागला नाही अशी एखादी जागा आहे?"
आहे. खाली कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, लहान हात; आधीचा राखणदार तिथवर कधी वाकलाच नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी कासिल्दा डबा घेऊन आली होती. मी पहिल्यांदाच तिथे वाकलो, तर तिने माझ्या हातातला स्पंजच ओढून घेतला. "त्या पोराला भिजवू नकोस रे, सर्दी होईल त्याला!" मी हसलो. पण कधी भिजवला नाही. ती गेल्यावरही नाही.

२ मे
लहान हाताची पापडी नेली. ओनोरातो म्हणतो, "म्हाताऱ्या, स्वतःच्या हाताने घालवलंस." घालवलं तर घालवलं! बघू.

९ जुलै
सहासष्ट हजार.
कासिल्दा, पोराला सर्दी झाली नाही.