गणपूर्तीअभावी

१५ जुलै २००७, रविवार

वार्षिक सभेची तारीख ठरवली. ५ ऑगस्ट, सकाळी दहा, गेटजवळच्या शेडमध्ये. चेअरमन अण्णांना विचारलं, म्हणजे सांगितलं. अण्णा म्हणाले, बाई, तुम्ही म्हणाल तसं. सहा वर्षं ते हेच म्हणतात, म्हणून आमची सोसायटी मांजर्लीत सर्वांत शिस्तीची आहे.

विषय एक, मागील इतिवृत्त. विषय दोन, नवी कमिटी (औपचारिक. सचिवपदाला दुसरं कोणी तयार नसतं). विषय तीन तळमजल्यावरच्या मिलिंदने लेखी दिला आहे : पावसाळाभर टेरेसला कुलूप नसावं.

कुलूप सोसायटीचं आहे. किल्ली माझ्याकडे असते.

१८ जुलै

नोटीस बोर्डावर लावली. संध्याकाळी मिलिंद घरी आला. आनंदनगरला कंपनीत सुपरवायझर आहे, तरी बोलताना उभाच राहतो. म्हणाला, मॅडम, नदी आपल्याला विचारून येत नाही. किमान एक डुप्लिकेट किल्ली तरी आम्हाला द्या. मी म्हटलं, दोन किल्ल्या म्हणजे कुलूप नसल्यासारखंच.

मग त्याला सोसायटी म्हणजे काय ते समजावलं. बिल्डर बांधून निघून जातो. मागे जिना, टाकी, पंप, टेरेस उरतं, ते कोणाचंच नसतं. जे कोणाचंच नाही ते सगळ्यांचं करायचं, म्हणून सोसायटी. आणि सगळ्यांचं झालं की ते जपायला एक माणूस लागतो.

तो म्हणाला, माणूस घरी नसला की?

बोलण्याची पद्धत नाही.

२२ जुलै

सर्व मजल्यांवर फिरले. घरं सोळा, घरटी एक मत. आमची बाजू भक्कम आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या सगुणाबाई म्हणाल्या, टेरेस उघडं ठेवलं की पोरं पतंग उडवणार, स्लॅब गळणार. तिसऱ्या मजल्याचा तर प्रश्नच नाही, गळती त्यांच्याच डोक्यावर.

तिसऱ्या मजल्यावरची भावना (बँकेत आहे, मराठी चांगलं) मात्र म्हणाली, काकू, गळती डांबराने थांबते. हसून म्हणाली. गंमत असावी.

२६ जुलै

आज दोन वर्षं झाली. या तारखेबद्दल लोक उगाच कुजबुजतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

त्या दिवशी मी पडद्यांचं कापड आणायला उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेले होते. रिक्षा बंद, रस्ते बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. तोवर तळमजल्यात छातीभर पाणी येऊन गेलं होतं. टेरेसवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांचं सामान मावलं असतं, हे खरं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, हेही खरं. पण पूर नोटिशीशिवाय आला.

मिलिंदची आई, रखमाबाई, वय बहात्तर, गुडघे गेलेले. त्या रात्रभर जिन्यात बसून होत्या असं म्हणतात. त्यांना वरच्या चार घरांनी आत बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत. यात माझा काय दोष?

२९ जुलै

पाऊस थांबत नाही. नदीचा आवाज बाल्कनीतून येऊ लागला.

रखमाबाई रोज संध्याकाळी कठड्याला धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतात. कशाला, विचारलं. म्हणाल्या, किती वेळ लागतो ते बघते हो बाई. काल सव्वीस मिनिटं लागली, आज चोवीस. पाणी यायच्या आत पोचायला पाहिजे ना.

जिना हा ये-जा करण्यासाठी असतो. नोटीस काढावी म्हणते. नंतर.

२ ऑगस्ट

मतांची पुन्हा मोजणी. तळमजला चार. पहिल्या मजल्यावरची आमच्या शेजारची दोन घरं फिरली. भावनाची गंमत नव्हती. तिच्यासकट तिसऱ्या मजल्यावरची तीन. म्हणजे नऊ. आमची सात.

ह्यांना विचारलं, काय करावं? पेपरातून डोकं न काढता म्हणाले, किल्ली देऊन टाक. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांचा एकही सल्ला वापरता आलेला नाही.

३ ऑगस्ट

रस्ता सापडला! बाइलॉज मला पाठ आहेत, याचा फायदा. सभेला क्वोरम लागतो दोन तृतीयांश, म्हणजे अकरा. त्यांचे नऊ. आमची सात घरं आलीच नाहीत तर गणपूर्ती नाही. गणपूर्ती नाही तर सभा नाही. सभा नाही तर ठराव नाही.

सातही घरी जाऊन सांगितलं, रविवारी दहा वाजता दार लावून बसा. सगुणाबाई म्हणाल्या, बरं झालं, तसंही डोसे आहेत.

५ ऑगस्ट, सकाळी ९.५०

पाऊस धो धो. नदी पुलाला टेकली म्हणतात. बाल्कनीच्या दाराआडून गेटजवळची शेड स्पष्ट दिसते. अण्णा आले. अण्णा आमच्या सातांतले! खुणा केल्या, त्यांनी हात हलवून नमस्कार केला.

१०.१०

अण्णा धरून दहा. एक कमी. हे कुठे आहेत?

१०.१५

हे दूध आणायला गेले आहेत. पिशवी इथेच आहे.

१०.३०

कोणी वाढलं नाही. अण्णांनी घड्याळ पाहून जाहीर केलं, गणपूर्तीअभावी सभा तहकूब. जिंकलो. चहा टाकला.

१०.३५

लोक उठत का नाहीत?

१०.४०

भावना बोर्डावरची नोटीस काढून मोठ्यानं वाचते आहे. माझीच नोटीस. शेवटची ओळ : तहकूब सभा त्याच दिवशी अर्ध्या तासाने त्याच जागी होईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही.

ती ओळ सहा वर्षं मीच लिहिते आहे. नोटिशीच्या शेवटी काहीतरी लिहायचं असतं, म्हणून. ती कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

१०.५०

सगुणाबाईंचं दार वाजवलं, ताबडतोब खाली चला म्हटलं. आतून म्हणाल्या, तुम्हीच सांगितलंत ना, दार उघडू नका म्हणून? दुसऱ्या दारावर कोणी ओ दिली नाही. फार आज्ञाधारक माणसं.

११.००

मी स्वतः खाली जावं का? मी गेले तर बहिष्कार मोडतो. तत्त्वाचा प्रश्न आहे.

११.२०

टाळ्या. दोनदा.

११.४५

भावना रजिस्टर घेऊन वर आली. म्हणाली, काकू, रागावू नका. मिनिट्स तुमच्याशिवाय कोणाला लिहिता येत नाहीत, प्लीज लिहाल? हे काम मी टाळू शकत नाही. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. टेरेस खुलं ठेवण्याचा ठराव. सूचक, श्री. मिलिंद. अनुमोदक कोण, विचारलं. ती म्हणाली, तुमच्या घराचं मत. तुम्ही नव्हता, फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, म्हणून काकांनी दिलं.

नवे सचिव? सगळ्यांनी नकार दिला. कोणीच तयार होईना तेव्हा काकांनी हात वर केला.

श्री. दौलतराव. छत्तीस वर्षांत ह्यांचं नाव मी पहिल्यांदा लिहिलं.

६ ऑगस्ट, सोमवार

पहाटे पाणी गेटातून आत आलं. सहा वाजता सचिवांनी माझी पर्स न विचारता उघडली, किल्ली काढली आणि वर गेले. नऊपर्यंत तळमजल्याची चारही घरं टेरेसवरच्या शेडमध्ये. गाद्या, गॅस, टीव्ही, रखमाबाई.

मी खाली घरातच राहिले. दहाला मिलिंद आला. आई विचारते, चहा खाली पाठवू की मॅडम वर येतायत? सामान कसं ठेवलंय ते कोणीतरी बघायलाच हवं होतं. गेले.

रखमाबाईंनी खाटेवर जागा केली. म्हणाल्या, आज बावीस मिनिटं. मी विचारलं, तेव्हा त्या चार घरांत का नाही गेलात? म्हणाल्या, इथं दाराला टेकून बसले होते. म्हटलं, बाई येतील, आता उघडतील.

त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता.

पाणी बाराला उतरू लागलं. मी पाचपर्यंत वरच होते. पाहणी लांबली.