लेंडीखत, मोटार आणि बुरुलचे वाडगे

२४ एप्रिल, सकाळी ७
काल कुलीपाला बिश्केकच्या हॉस्पिटलात पोचवून आलो. गुडघ्याचं ऑपरेशन. बारा मेला घरी. निघताना तिने खिडकीतली टोमॅटोची चाळीस रोपं दाखवली. दुधाच्या कापलेल्या खोक्यांत फेब्रुवारीपासून लेकरांसारखी वाढवली आहेत. म्हणाली, भिंतीलगतचा वाफा खताने भरा, थंडी सरली की लावा, मी येईन तेव्हा फाटकातून दिसली पाहिजेत. तेवढ्या आशेवर पाय कापायला देतेय. मी म्हणालो, दिसतील. (पाय कापणार नाहीयेत. तिची बोलायची पद्धत.)

संध्याकाळी
शेजारच्या बुरुलने वाडगाभर गरम, तळलेल्या कणकेचे बोरसोक आणून दिले. बायको नसली की पुरुष उपाशी मरतो असा तिचा समज. सगळे खाल्ले.

२५ एप्रिल
प्लॅन तयार. लागणार दोन टन. ट्रक नाही, मोटार आहे. कालीक धनगराच्या वाड्यावर हवं तेवढं लेंडीखत, अंतर आठ किलोमीटर. एका खेपेला पाच गोण्या, एकूण वीस खेपा, दिवसाला चार. पाच दिवसांत काम फत्ते. चौतीस वर्षं भूगोल शिकवलाय. माती इकडून तिकडे कशी जाते हे मला कुणी सांगायला नको.

बुरुलचा नवरा ओरोझाली याच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. गोठ्यामागे तीन वर्षं कुजलेल्या खताचा ढीगही आहे, कुंपणावरून दिसतो. पण त्याच्याकडे जायचं तर वाडगा घेऊन जावं लागेल, आणि रिकामा वाडगा परत करायची रीत आपल्यात नाही. त्यात घालायला घरात काय आहे? कुलीपाने जॅम कुठे ठेवलाय देव जाणे. शिवाय स्वावलंबन.

२७ एप्रिल
पहिली खेप. मागची सीट काढली. आता ती परत बसत नाही. दोन गोण्या वाटेत फुटल्या. कालीक माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, मास्तर, हे जरा ताजं आहे हं. मी म्हणालो, ताजं तेच चांगलं. तो काहीतरी बोलणार होता, पण गप्प बसला.
बुरुलकडून वाफवलेल्या मांटी आल्या. आत मटण भरपूर. वाडगे: दोन.

३० एप्रिल
चार दिवसांत तीन खेपा. हमरस्त्यावर पोलिसाने हात केला. मी काच खाली केली. त्याने लगेच जा म्हणून खूण केली.
कुलीपाचा फोन. ऑपरेशन नीट झालं. वाफा भरला का? म्हटलं, काम जोरात आहे. ओरोझालीला सांगितलंत का? म्हटलं, त्याला कशाला त्रास! वाडग्यांचा विषय काढला नाही. आजारी माणसाला टेन्शन नको.

३ मे
वाडगे चार. आज ठरवून पुलाव केला, बुरुलकडे भरून द्यायला. कढई अंगणात भिजत ठेवली आहे. कुत्र्यानेही वास घेऊन तोंड फिरवलं.
ओरोझाली कुंपणावरून ओरडला, मास्तर, ट्रॉली आणू का? दहा मिनिटांचं काम. मी म्हणालो, नको रे, तेवढाच व्यायाम होतो. तो म्हणाला, कुणाला, मोटारीला?
उद्यापासून मागच्या गल्लीने ये-जा करायची.

५ मे
कालव्याच्या पुलावर मोटार बसली. अक्षरशः बसली, मागची बाजू जमिनीला टेकली. काढायला कुणी नाही.
हार मानणाऱ्यातला मी नव्हे. माळ्यावरून नातवाची बाबागाडी काढली. एक गोणी बरोबर मावते. परतताना दोन आज्या बाळ बघायला वाकल्या. आशीर्वाद अर्ध्यावर राहिला.

७ मे
खत एकंदर वाफ्याच्या पाचव्या हिश्शाइतकंच. म्हणून विटा लावून वाफाच लहान केला. माती मिसळायची गरज नाही. निव्वळ खत म्हणजे निव्वळ ताकद.

८ मे
चाळीसही रोपं लावली. फाटकातून पाहिली. डोळे भरून आले. माणसाने मनावर घेतलं तर काय होत नाही!
वाडगे सहा. आता एकेक करून परत देणं शोभणार नाही. सगळे एकदमच देईन.

१० मे
पानं पिवळी. रोपं हवापालटाला सरावत असावीत. पाणी घातलं.

११ मे
सगळी माना टाकून पडली आहेत. खतात हात घातला तर आत भट्टी. कालीकला फोन केला. म्हणाला, ताजी लेंडी वर्षभर कुजवावी लागते मास्तर, नाहीतर मुळं जळतात. मी ओरडलो, मग तेव्हा का नाही बोललास? म्हणाला, सातवीत एकदा तुमची चूक काढली होती. तासभर बाकावर उभं केलं होतंत.
दुपारभर वाफ्याशी बसून राहिलो. लाज वाटते आहे. तिला काय सांगू कळत नाही. एकही रोप उरलं नाही.

१२ मे
कुलीपा आली. कुबड्या टेकून फाटकातच थांबली, वाफ्याकडे बघत राहिली. ती बोलते तेव्हा बरं असतं.
स्वयंपाकघरात गेली आणि विचारलं, हे सात वाडगे कुणाचे? सगळं सांगून टाकलं. ती स्टुलावर बसली. म्हणाली, अहो, खिडकीत चाळीस रोपं होती ना? एक उचलून वाडग्यात ठेवलं असतंत तर बुरुल नाचत घरी गेली असती, आणि ट्रॉली त्याच दिवशी आली असती.
हे मला अठरा दिवसांत एकदाही सुचलं नाही.
तेवढ्यात फाटकावर ट्रॅक्टर. ओरोझालीने कुजलेलं खत ओतलं. घड्याळ लावून पाहिलं, नऊ मिनिटं. मागून बुरुल आली, तिच्या स्वतःच्या रोपांतली बारा घेऊन, मोठ्या परातीत. कुलीपा तिच्या गळ्यात पडून रडली.
ते गेल्यावर कुलीपा म्हणाली, सात वाडगे आणि ही परात, तुम्हीच परत करायची. भरून.
घरात भरपूर असं सध्या एकच आहे, आणि ते अजून वर्षभर कुजायचंय.